शुद्ध घोड्याचे गोत्र

मुंबईतल्या घोड्यांच्या शर्यती पूर्वी आपल्या शेजारी भायखळ्याला होत. १८८३ च्या सुमारास त्या महालक्ष्मीला गेल्या. तेथे धावणारा घोडा तो थरोब्रेड, म्हणजे अस्सल शुद्ध रक्ताचा. पण हे शुद्ध रक्त आले कोठून?

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजांनी पूर्वेकडचे घोडे नेऊन आपल्या घोड्यांशी त्यांचा संकर केला. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे या कुळाचे तीन मूळपुरुष. प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा त्यांच्यापैकी एकापाशी पोचते. १७९१ साली वंशावळीचा ग्रंथ निघाला आणि पुढे बाहेरच्या रक्ताला दार बंद झाले.

गोत्र बापाचे लागले. वेग मात्र आईचा असावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कमी पल्ल्याच्या धावेला उपकारक ठरणारा जनुक-प्रकार बहुधा ब्रिटनमधल्याच एका अनामिक घोडीकडून आला. दाराआड एकाच कुळात पिढ्यान्‌पिढ्या संबंध होत गेले, तसतसे रक्तातले वैविध्य घटत चालले, ही आज जाणकारांची चिंता आहे.

तेव्हा मंडळी, ज्याला शुद्ध म्हणतात तो जुना संकरच. फक्त त्याची वही नीट ठेवलेली आहे.