मैदानावरचा ‘देश’ : कोलकात्यातील फुटबॉलनिष्ठेच्या वारशाविषयी

बंगाली माणसाशी नवी ओळख झाली की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो : तुमचा ‘देश’ कुठला? विचारणाऱ्याला राष्ट्र अभिप्रेत नसते. वाडवडिलांचे गाव, तेथली नदी, तेथली बोली असा सारा मुलूख त्या एका शब्दात गोळा झालेला असतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मुंबईत जन्मलेला चाकरमानीही गणपतीला ‘गावी’ जातो, आणि ते गाव आजोबांचे असले तरी तो त्याला आपलेच म्हणतो. मात्र चाकरमान्याला गावाकडची एस. टी. मिळते. १९४७च्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून कोलकात्यास आलेल्या कुटुंबांची परतीची वाट क्रमाक्रमाने बंद होत गेली, आणि त्यांच्या नातवंडांना ‘देश’ केवळ ऐकून माहीत झाला. न पाहिलेल्या मुलखाशी मुलाचे नाते जोडावयाचे कसे, हा प्रश्न त्या घरांपुढे होता. पुष्कळ घरांनी त्यासाठी जे साधन वापरले ते एका फुटबॉल क्लबचे होते. या व्यवहाराचा थोडा उलगडा येथे करावयाचा आहे.

ईस्ट बेंगॉल क्लबची स्थापना १९२० सालची, म्हणजे फाळणीच्या सत्तावीस वर्षे आधीची, हे प्रथम ध्यानात घ्यावे. जोडाबागान क्लबने मोहनबागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बसू या खेळाडूस वगळले, त्याचा राग येऊन सुरेशचंद्र चौधरी यांनी तो क्लब सोडला आणि काही सहकाऱ्यांसह नवा संघ उभा केला. त्या वेळी या नावामागे नोकरी-शिक्षणासाठी महानगरात आलेल्या पूर्वेकडील लोकांचा स्वाभिमान होता. त्यांच्या उच्चारांची तेथे थट्टा होत असे. निर्वासितपणाचा त्यात लवलेशही नव्हता. पुढे फाळणी झाली, १९५५ साली पूर्व बंगाल हे प्रांताचे नावही नकाशावरून गेले, आणि ते नाव कोलकात्याच्या मैदानावर एका क्लबच्या पाटीवर तेवढे उरले. नाव तेच राहिले. अर्थ मात्र पार बदलला. भाषेच्या अभ्यासकाला या घटनेत रस वाटावा असे मला वाटते.

घरात हा वारसा उपदेशाने दिला जात नाही. तो जेवणाच्या पानावरून, रेडिओवरून आणि चिडवाचिडवीतून उतरतो. ईस्ट बेंगॉल जिंकले की इलिश मासा आणावयाचा, मोहनबागान जिंकले की चिंगडी, म्हणजे आपली कोळंबी, हा संकेत सर्वश्रुत आहे. मुलाला ऑफसाइडचा नियम कळण्यापूर्वी माशाचा वास कळतो. मग अजय बसू यांच्यासारख्यांचे बंगालीतील धावते वर्णन ऐकताना वडीलधाऱ्यांचे श्वास कधी अडकतात ते तो पाहतो. शाळेत कोणी त्याला ‘बाङाल’ म्हणून डिवचतो. तो उलटून पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशाला ‘घटी’ म्हणतो. हे दोन्ही शब्द हिणवण्याचे असले तरी दोन्ही पक्षांनी ते स्वतःसाठीही आनंदाने स्वीकारले आहेत. लाल-सोनेरी रंग तुझे आणि हिरवा-मरून त्यांचा, एवढे उमगले की मूल एका पक्षात आलेच. पुढे कधीतरी वडिलांचा हात धरून मैदानाच्या गॅलरीत जाणे हा त्यावरचा संस्कार. मुंजीशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु मुंजीत निदान बटूला काही म्हणावे तरी लागते.

या निष्ठेचा आधार खेळाडूंच्या रक्तात शोधू गेल्यास पदरी गोंधळ येतो. १९४९ ते १९५३ या काळात निर्वासितांच्या वसाहतींनी ज्यांना डोक्यावर घेतले ते ईस्ट बेंगॉलचे ‘पंचपांडव’ म्हणजे व्यंकटेश, आप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही दाक्षिणात्य. उलट मोहनबागानचा लाडका चुनी गोस्वामी जन्मला पूर्व बंगालातील किशोरगंजला, आणि क्लबपातळीवर तो अखेरपर्यंत मोहनबागानकडूनच खेळला. ज्या १९११च्या विजयाने मोहनबागान राष्ट्रीय दंतकथा झाले, त्या २९ जुलैच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवणाऱ्या संघाचा नायक शिबदास भादुडी फरीदपूरकडच्या घराण्यातला होता. खेळाडू दर हंगामात पक्ष बदलत आणि त्या ‘दलबदला’च्या सुरस कथा वर्तमानपत्रे छापत. प्रेक्षकाने मात्र पक्ष बदलणे अक्षम्य मानले जाई. अर्थात निष्ठा खेळाडूशी नव्हती. ती त्या नावाशी आणि ते नाव ज्याने कानात घातले त्या माणसाशी होती.

मोहनबागानच्या घरांत वारशाचे स्वरूप निराळे. तेथे मुलाला गमावलेले गाव सांगावयाचे नसते. अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीस हरविल्याची आठवण सांगावयाची असते. ती अभिमानाची कथा आहे, आणि अभिमान पुढच्या पिढीकडे देणे दुःखापेक्षा सोपे. तिसरा क्लब मोहमेडन स्पोर्टिंग. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने कोलकात्याची लीग जिंकली, आणि १९३४चे विजेतेपद हे कोणत्याही भारतीय क्लबचे पहिले. अखंड बंगालातील मुसलमान समाजात त्या संघाला जे स्थान मिळाले त्याला तोड नव्हती. फाळणीत त्याचे कितीतरी चाहते सीमेपलीकडे गेले. ईस्ट बेंगॉलला ज्या स्थलांतराने माणसे दिली त्याच स्थलांतराने मोहमेडनची नेली, ही गोष्ट आपल्या चर्चांत बहुधा सुटून जाते.

बंगाली चित्रपटाने हा विषय लवकर ओळखला. १९५४च्या ‘ओरा थाके ओधारे’मध्ये घटी आणि बाङाल कुटुंबांचा शेजार आहे, कथा प्रेमेंद्र मित्रांची. १९७६च्या ‘मोहनबागानेर मेये’त सून मोहनबागानचीच हवी असा हट्ट धरणारा सासरा आहे. हास्यामागचा प्रश्न खरा आहे : लग्नानंतर मुलीची निष्ठा कोणती, आणि तिच्या मुलांची कोणती? रूढ उत्तर पितृवंशाचे. पण आईच्या माहेरी इलिश शिजत असेल तर रूढी नेहमीच टिकते असे नाही. कादंबरीत मोती नंदी यांनी ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’मध्ये खेळाडूचे जग उभे केले, आणि क्लबांना कल्पित नावे दिली. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. खरी नावे घातली असती तर अर्ध्या वाचकांनी पुस्तक पहिल्या पानावरच शत्रुपक्षाचे ठरवले असते.

येथे कोल्हापूरची आठवण मराठी अभ्यासकाला होणारच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे शाहू स्टेडियमवर फुटबॉल संघांची नावे होतात आणि पेठेतला मुलगा आपल्या तालमीचा म्हणूनच वाढतो. पण त्याची तालीम कोपऱ्यावर उभी असते. तेथेच गणपती बसतो, तेथेच थोरली माणसे भेटतात. त्याच्या निष्ठेची भूमी त्याच्या पायाखाली आहे. बाङाल मुलाची भूमी सांगण्यातून उभी करावी लागली. म्हणून कोल्हापुरात हा वारसा मुख्यतः वस्तीचा ठरतो आणि कोलकात्यात, निदान एका पक्षापुरता, कथनाचा.

अशा वारशाचे ओझेही असते. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहनबागानला ५-० असे हरवले, आणि त्या रात्री मोहनबागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपवले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात झालेल्या दंगलीत व चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक मरण पावले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ कोलकात्यात रक्तदान होते. मुलाच्या हाती रंगीत निशाण देताना बापाने काय दिले याचा हिशेब एरवी कोणी मांडत नाही. त्या वर्षी सोळा घरांना तो मांडावा लागला.

ज्यांनी पद्मेचे पाणी पाहिले ती पिढी आता जवळपास संपली आहे. मग नातवंडांपाशी काय उरले? १९ जानेवारी २०२०च्या सामन्यात ईस्ट बेंगॉलच्या गॅलरीत एक भलामोठा फलक उलगडला. ही माती आम्ही रक्ताने घेतली आहे, कागदाने नव्हे, असा त्याचा आशय. नागरिकत्वाच्या कागदपत्रांचा वाद तेव्हा देशभर पेटला होता. फाळणीनंतर अनेक दशकांनी जन्मलेल्या मुलांनी आजोबांची हकीकत प्रथमपुरुषी बहुवचनात सांगितली. त्यांना प्रतिपक्षाकडून ‘काँटातार’, म्हणजे सीमेवरची काटेरी तार, असा टोमणा आजही ऐकावा लागतो. त्याच वर्षी मोहनबागानचे व्यावसायिक संघाशी विलीनीकरण होऊन क्लबच्या नावामागे ए. टी. के. ही अक्षरे लागली. ती काढून टाका म्हणून तरुण चाहत्यांनी निदर्शने केली आणि २०२३ साली ती निघाली. संघ तोच खेळत होता, रंग तेच होते. आक्षेप नावापुरता होता. पुढे १८ ऑगस्ट २०२४ रोजी, आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ दिवसांत, या दोन संघांचा सामना रद्द झाला. तेव्हा दोन्ही क्लबांचे आणि मोहमेडनचेही चाहते सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर एकत्र जमले. लाल-सोनेरी आणि हिरवी-मरून निशाणे त्या संध्याकाळी एकाच गर्दीत होती, आणि पोलिसांच्या लाठ्यांनी त्यांत भेद केला नाही.