पेन उचलण्याआधी

वर्धा जिल्ह्यात पाचवीच्या मुलांची नवोदय प्रवेश परीक्षेची तयारी सुरू झाली की सगळ्यांचे डोळे सेलूकाट्याच्या जवाहर नवोदय विद्यालयाकडे लागतात. सहावीला जागा 80. दोन तासांच्या पेपरात अंकगणिताचे 20 प्रश्न, त्यांना 30 मिनिटं. एका गणिताला दीड मिनिट, उत्तराचा गोल काळा करणंही त्यातच.

देवळी तालुक्यातल्या आमच्या शाळेत हा सराव शाळा भरण्याआधी चालतो. फळ्यावर 37 × 9 लिहिलं की पोरं लगेच उभी मांडणी करतात. नऊ साती त्रेसष्ट, तीन मांडले, हातचे सहा. एकीला मी तेच तोंडी विचारलं: आईनं सदतीस किलो कापूस वेचला, किलोला नऊ रुपये, तर मजुरी किती? "तीनशे तेहतीस." कसं गं? "दहानं तीनशे सत्तर होते मॅडम. मंग त्यातले सदतीस काढले."

हे तिला वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. वेचणीच्या दिवसांत घरी रोज हिशेब होतो, त्यातून आलं. वेग वाढवायचा तर घरची ही रीत पेपरापर्यंत न्यायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. त्या पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालते. अठ्ठेचाळीसचा पाव बारा, हे ज्याच्या तोंडात आहे त्याला 48 × 25 चे 1200 मांडावे लागत नाहीत. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, हे उमगलेलं मूल 640 चे 80 काढून पुढे सरकतं. 640 तर इथलाच आकडा. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत मुलं सूत मोजत: चार फुटांची तार, 160 तारांची लटी, चार लटींची गुंडी, म्हणजे 640 तारा.

खरी कसोटी पर्यायांत असते. 68 × 47 ला पर्याय 3196 आणि 3916. एकक दोन्हींचा सहा. नवाचा ताळाही दोन्हींना जुळतो, कारण अंक तेच, जागा तेवढ्या बदललेल्या. पण सत्तर गुणिले सत्तेचाळीस 3290, म्हणजे उत्तर त्याच्या आत हवं. म्हणून मी ताळ्याच्या आधी अंदाज मागते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत म्हणून उरलेले गोल भरायला हरकत नाही, पण तशी सवय सरावात लागू द्यायची नाही.

घड्याळ मी उशिरा आणते. वेळ लावली की कच्ची मुलं घाबरून पुन्हा उभ्या मांडणीकडे पळतात. आधी पेन खाली ठेवून दहा गणितांची नुसती रीत सांगायची, उत्तर नाही. ते जमलं की मग मिनिटं मोजायची.