तंबाखूवरचा कर आणि विकासाची भीती

तंबाखूवरचा कर वाढवायचा म्हटले की विकसनशील देशांत भीती घातली जाते: महसूल बुडेल, रोजगार जातील, गरीब भरडला जाईल. फिलिपिन्सने डिसेंबर 2012 मध्ये तंबाखूवरचा कर वाढवणारा ‘सिन टॅक्स’ (पापकर) कायदा केला, तेव्हा तिथेही हेच ऐकू येत होते.

गैरसमज : खप घटला की महसूलही घटतो.

वस्तुस्थिती : खप घटतो, आणि तो घटायलाच हवा. पण व्यसन एका दिवसात सुटत नाही, म्हणून कर जितका वाढतो तितका खप घसरत नाही. फिलिपिन्समध्ये सर्वांत स्वस्त पाकिटावरचा कर 2.72 पेसोंवरून 2013 मध्ये 12 पेसो झाला. 2017 पर्यंत सगळ्याच पाकिटांवर 30 पेसो. तंबाखूचा अबकारी महसूल पहिल्याच वर्षी सुमारे 32 अब्ज पेसोंवरून 70 अब्जांवर गेला. धूम्रपान करणारे प्रौढ 2009 मध्ये 28 टक्के होते, ते 2015 मध्ये 23 टक्क्यांच्या आसपास आले.

गैरसमज : अर्थव्यवस्थेची वाढ खुंटते.

वस्तुस्थिती : 2013 ते 2018 या काळात तो देश दरवर्षी 6 टक्क्यांहून अधिक वेगाने वाढला. याचे श्रेय कराला देता येणार नाही, पण कराने खोडा घातला असेही म्हणता येणार नाही. सिगारेटवर न गेलेला पैसा दुधावर, कपड्यांवर, शाळेवर खर्च होतो आणि तिथेही हातांना काम मिळते.

राहिला गरिबांचा प्रश्न. किंमत वाढली की तंबाखू सोडण्याकडे आधी वळतात ते गरीबच. फिलिपिन्सने वाढीव महसुलाचा मोठा भाग गरीब कुटुंबांच्या आरोग्यविम्याला दिला आणि 15 टक्के वाटा तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांसाठी राखला. मला त्या कायद्यातले हे राखीव वाट्याचे कलम सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये विडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. कारण पुढे केले जाते रोजगाराचे. पण सोलापूरच्या विडी कामगार बायांची मजुरी हजार विड्यांवर ठरते, कराच्या दरावर नाही. शिवाय, 2017-18 च्या अंदाजानुसार तंबाखूच्या अबकारी करातून मिळणाऱ्या प्रत्येक 100 रुपयांमागे समाजाला आजार आणि अकाली मृत्यूपायी 816 रुपयांची झळ बसते. विडीवरचा कर वाढवावा आणि त्यातला ठरावीक वाटा कायद्यानेच या बायांच्या दुसऱ्या रोजगारासाठी राखून ठेवावा.