संत्र्याच्या ताणात चिखलदरा

मे महिन्यात शेंदूरजनाघाटातून कोण बाहेर पडू शकतो, हे त्याच्या बागेतला बहार ठरवतो. मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारीपासून तुटायला लागतो आणि एप्रिलपर्यंत झाड मोकळे होते. मग त्याला ताण द्यायचा. पाणी तोडायचे, जमीन सुकू द्यायची, पाने पिवळी पडून गळू लागली तरी जीव घट्ट करून बघत राहायचे. तेव्हा कुठे जूनच्या पहिल्या पावसावर झाड फुलते. या दिवसांत मालकाला बागेत फारसे काम नसते. आंबिया बहारवाल्याचे नेमके उलटे. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या त्याच्या झाडावर आता बारीक फळे असतात, उन्हाच्या झळीने ती टपाटपा गळतात आणि पाण्याची एक पाळी चुकली तर गळ दुप्पट होते. म्हणून चिखलदऱ्याला निघालेल्या क्रूझरमध्ये मृगवाले बसतात आणि आंबियावाले बांधावरून हात करतात: "तुमी या पाहून, भाऊ. आमचं ओलीत चालू हाये." दोन्ही बहार धरणाऱ्या घरात एक भाऊ जातो, दुसरा राहतो. पुढच्या वर्षी पाळी बदलायची, असे निघताना ठरते आणि बहुधा बदलत नाही.

वरूड तालुक्यातले हे नगरपरिषदेचे गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी आहे. उत्तरेचा डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. तिवसा तालुक्यातले शेंदूरजना बाजार वेगळे, हे घाटाखालचे. संत्र्याच्या कलमांसाठी गावाचे नाव दूरवर पोचले आहे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि तयार झालेली कलम पावसाळ्यात विकायची, हा इथला पिढ्यांचा धंदा. नागपुरी म्हणून देशभर विकल्या जाणाऱ्या संत्र्याचा मोठा वाटा वरूड-मोर्शीच्या या पट्ट्यातून जातो. त्याची किंमत जमिनीने मोजली आहे. बोअर खोल खोल जात राहिल्या आणि भूजलाचा उपसा इतका झाला की दोन्ही तालुक्यांची नोंद अतिशोषित भागात झाली.

डोंगर दाराशी असताना दिवस घालवून दुसऱ्या डोंगरावर कशाला जायचे, हा प्रश्न पाहुण्यांना पडतो. गावकऱ्यांना पडत नाही. इथला सातपुडा बुटका आहे. मे महिन्यात त्याच्यावरचा साग निष्पर्ण असतो, नाले कोरडे आणि दगड तापलेले. गावाला हा डोंगर पाण्यासाठी हवा असतो. त्याच्या कुशीतल्या धरणात किती पाणी उरले, एवढीच त्याची उन्हाळ्यातली चौकशी. पावसाळ्यात हिरवळ आली की रोडग्यांचा बेत तिथेच होतो, तेव्हा कुणी चिखलदऱ्याचे नाव काढत नाही. गंमत अशी की भूगोलाच्या हिशेबात हे दोन्ही डोंगर एकच. तापी आणि पूर्णेच्या संगमापासून निघालेली गाविलगडची रांग पूर्वेला तापीच्या उगमापर्यंत, म्हणजे मुलताईपर्यंत जाते. चिखलदरा तिच्या उंच भागात, शेंदूरजनाघाट तिच्या शेपटाशी.

रस्ता वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा असा. पहाटे निघालेले बरे, कारण नऊनंतर गाडीतली हवासुद्धा भाजते. मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी आहे. गोविंदप्रभूंचे रिद्धपूर इथून लांब नाही; मराठी भाषा विद्यापीठ आता तिथेच उभे राहते आहे. परतवाड्यात मात्र थांबावेच लागते. ही मूळची इंग्रजांची छावणी, पुढे मेळघाटच्या सागवानाची मोठी बाजारपेठ. वर जे स्वस्त मिळणार नाही ते सगळे इथे घ्यायचे असते: भाजी, वांगी, कणीक, बर्फ आणि पोट्ट्यांसाठी कुरमुरे. शेजारचे अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. त्याला वेगळा दिवस हवा. सहलीच्या गाडीत तो दिवस कधीच नसतो.

परतवाड्यापासून चिखलदरा साधारण ३० किलोमीटर. घाट सुरू झाला की गाडीतले कुणीतरी खिडकीतून हात बाहेर काढून "लागली बाप्पा थंड हवा" असे जाहीर करते. ते जरा लवकरच असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे आणि खालचा पट्टा चारशेच्या आसपास. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने सातशे मीटरला साडेचार अंश मिळतात. खाली पारा ४४-४५ वर असेल तर वर दुपारी ३९-४० असणार. म्हणजे महाबळेश्वर डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाची दुपारी निराशा ठरलेली. खरी कमाई सूर्य कलल्यावर होते. पठारावरून वारा सुटतो, जमीन लवकर निवते आणि रात्री गच्चीवर अंगावर चादर घ्यावी लागते. घरी कूलरच्या घरघरीत, वाळ्याच्या ओल्या वासात, लाइट जाईल या धास्तीने झोपणाऱ्या माणसाला ही दोन रात्रींची झोप पुरते. माझ्या मते मे महिन्यातला चिखलदरा हा रात्रीचा गाव आहे. दुपारी खोलीत पत्ते खेळावेत.

इंग्रजांनी नेमके हेच हेरले होते. हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये इथे पोचला आणि हळूहळू वऱ्हाडातल्या साहेबांची उन्हाळी वस्ती उभी राहिली. ते आले म्हणून गाव 'सापडले' म्हणायचे. गवळी आणि कोरकू या डोंगरात कधीपासूनच राहत होते. गावाची कथा तर विराटाच्या दरबारापर्यंत जाते. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकला, ती ही कीचकाची दरी. हात धुतले ते भीमकुंड. आणि विराटनगरी म्हणजे जवळचे वैराट, या भागातले सर्वांत उंच ठिकाण. आज चिखलदऱ्याची कायम वस्ती पाच हजारांच्या आसपास आहे. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी तेवढीच माणसे गाड्या लावायला जागा शोधत असतात.

पॉइंटांची यादी हॉटेलवाला हातात देईलच. देवी पॉइंटला कातळातून झिरपणारे पाणी आणि देवीचे ठाणे आहे, तिथे आजीला न्यावे. पंचबोल पॉइंटला पोरांना ओरडू द्यावे, समोरच्या कड्यांवरून हाक परत येते. शक्कर तलाव आणि सरकारी बगिचा संध्याकाळच्या तासाभराचे. गोरघाट आणि हरिकेन पॉइंट यांदरम्यान सिडकोने काचेचा स्कायवॉक बांधायला घेतला, त्याची चर्चा मात्र अनेक वर्षांपासून पूर्ण वेगात आहे. एका सकाळी सहा पॉइंट उरकणाऱ्या मंडळींना शेवटी एकच दरी सहा बाजूंनी पाहिल्याचे समाधान मिळते. तो वेळ गाविलगडाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

किल्ला गावापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे आणि एका चिंचोळ्या दांडाने पठाराला जोडलेला आहे. बाकी बाजूंना कडे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास तो बांधला. त्याआधी इथे गवळ्यांची गढी असावी. पुढे फतहुल्ला इमादुल्मुल्काने १४८८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती केली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण मुलगा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला आणि शेवटी वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक ठरलेला. एका दरवाजावर सिंहांबरोबर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. दक्षिणेतले हे राजचिन्ह इथे सातपुड्यात त्याच्यामुळे आले असे अभ्यासक मानतात. ते शिल्प पोरांना आधी शोधायला लावावे आणि मग गोष्ट सांगावी.

दुसरी गोष्ट १८०३ च्या डिसेंबरची. नोव्हेंबर अखेरीस अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि जनरल आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेची बाजू सरळ कड्याची. तिकडून त्याने हल्ल्याचा देखावा मांडला. खरे काम कर्नल स्टीव्हन्सनकडे होते. त्याने जड तोफा डोंगरातून, रस्ता करत करत, माणसे आणि बैल लावून उत्तरेच्या पठारावर ओढत नेल्या. त्याला अनेक दिवस लागले. तोफांनी बाहेरचा तट फोडला आणि १५ डिसेंबरला सैन्य आत घुसले. तरी किल्ला पडला नव्हता, कारण आत दुसरा तट आहे आणि त्याला भगदाड नव्हते. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळीतून चढून शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला, आणि मग सगळे संपले. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्यांच्याकडे काही काळ राहिले. वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव करणारा तो हाच.

हे सगळे बाहेरचा तट, मधला उतार आणि आतला तट असे चालत गेले की पायांना कळते. नकाशात कळत नाही. आत तलाव आहेत, मशीद आहे, तोफा आहेत. १८५७ च्या धामधुमीनंतर तात्या टोपे इकडे येईल या भीतीने इंग्रजांनी तटबंदी मोडली, तरी उरले आहे ते पुष्कळ आहे. सावली मात्र कमी. सकाळी सातला आत शिरून दहाच्या आत बाहेर पडावे. बरोबरच्या आजोबांना दरवाजाच्या गारव्यात बसवून पुढे गेले तरी चालते. त्यांना तिथे बोलायला कुणी ना कुणी भेटतेच.

खायला इथली रबडी आणि खवा. गवळ्यांच्या म्हशी अजून या पठारावर चरतात, त्यामुळे दूध बाहेरून आणावे लागत नाही. मोथ्याकडे हल्ली स्ट्रॉबेरी होते, पण ती हिवाळ्याची. कॉफीची झाडेही आहेत. विदर्भात दुसरीकडे कुठे कॉफी पिकत नाही. ती पिण्यापेक्षा पाहण्याची हौस जास्त असते. जेवणासाठी शेंदूरजनाघाटची मंडळी हॉटेलवर विसंबत नाहीत. परतवाड्यातून आणलेल्या वांग्यांची भाजी, वरण आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, असा बेत परवानगी असलेल्या मोकळ्या आवारात जमतो. जंगलात चूल पेटवायची नाही. मे महिन्यातला पालापाचोळा एका ठिणगीची वाट बघत असतो आणि मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. सेमाडोह, कोलकासकडे जायचे तर एक मुक्काम वाढवावा. त्याच दिवसात ते कोंबले की सिपना नदी गाडीतूनच बघावी लागते.

घाटातून जाताना डोक्यावर तेंदूपानांचे भारे घेतलेली कोरकू कुटुंबे दिसतात. त्यांचा मे महिना हा वर्षातला कमाईचा महिना. आणि पाण्याचाही सर्वांत वाईट. पावसाळ्यात धो धो भिजणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बायाबापड्या दोर टाकून ते पुन्हा वर काढतात. खडकाळ उतार पाणी धरत नाही, हे त्यामागचे कारण. ज्या गावची बोअर आटली म्हणून हळहळतो, तिथून येऊन आपण हॉटेलात दोनदा शॉवर घेतो, हे मला तरी खटकते. संत्रेवाल्याला पाण्याचा भाव दुसऱ्या कुणी सांगायला नको.

एवढा वेळ नसेल तर मोर्शीजवळचे साळबर्डी आहे. माडू नदी, डोंगरातली महादेवाची गुहा, महाशिवरात्रीची मोठी यात्रा, एरवी शांत. अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. परतवाड्याजवळचे मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात पडते. तिथली ५२ जैन मंदिरे उन्हाळ्यातही पाहण्यासारखी आहेत, फोटोतला धबधबा मात्र मे महिन्यात कोरडा असतो. तो आणि चिखलदऱ्याचे धुके हवे असेल त्याने जुलै-ऑगस्ट गाठावा. पण तेव्हा मृग फुटलेला असतो, बाग सोडता येत नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा घाई नाही. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवारमधले दोन मुक्काम धरा. खोली आधी ठरवा, पिण्याचे पाणी घरून कॅनमध्ये भरून न्या, प्लास्टिक परत आणा आणि एक अख्खी सकाळ गाविलगडासाठी राखून ठेवा. आणि या वर्षी ओलितावर राहिलेल्या भावाला पुढच्या वर्षी खरोखर पाठवा.