पुलगावनंतरचे दशक आणि शिकवणारा

31 मे 2026 म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातील स्फोटाला दहा वर्षे. मध्यरात्रीनंतर शेडला आग लागली आणि ती विझवायला धावलेल्यांवरच रणगाडाविरोधी सुरुंगांचा साठा फुटला. 19 जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, पण बहुसंख्य होते ते अग्निशमन कर्मचारी. सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, ही गोष्ट नंतर संसदेपर्यंत पोचली आणि चर्चा दारूगोळ्याच्या दर्जावर स्थिरावली. ती व्हायलाच हवी होती. मात्र आगीच्या तोंडी जाणाऱ्या माणसाला कोण शिकवतो, कसे शिकवतो, हा प्रश्न त्या चर्चेत कडेलाच राहिला. सर्वांत जास्त नुकसान त्या दुर्लक्षानेच झाले, असे माझे मत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू झाले आणि 1957 मध्ये नागपुरात आले, म्हणजे वर्ध्याच्या शेजारीच. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा, अंमल डिसेंबर 2008 पासून. या साऱ्या काळात प्रशिक्षणाचा कणा ड्रिल हाच राहिला: शिटी वाजली की होज पसरा, शिडी लावा, पंप चालू करा. हात तयार व्हायला याला पर्याय नाही. पण पुलगावच्या रात्री कसोटी हातांच्या वेगाची नव्हती. आग स्फोटकांपर्यंत पोचली की तिच्याशी झुंजायचे नाही, मागे हटायचे. वाहतुकीतील स्फोटकांचा ट्रेलर वा रेल्वेची वाघीण पेटली तर 1600 मीटरचा परिसर रिकामा करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. हे वाक्य पाठ करून घेणे सोपे आहे. धूर दिसतो, आत काय आहे ते दिसत नाही, वरिष्ठ पुढे निघालेत, अशा क्षणी ते आठवावे म्हणून शिकवणे ही वेगळी विद्या आहे. सराव मध्येच थांबवून ‘आता काय दिसते? काय माहीत नाही? कशावर मागे फिराल?’ असे विचारणारा, उत्तर चुकले तर ते का चुकले हे उलगडणारा प्रशिक्षक त्यासाठी लागतो. गेलेल्यांना हे ठाऊक नव्हते, असा ठपका मी ठेवत नाही. त्यांच्या मागून भरती झालेल्या मुलांच्या पदरात काय पडले, एवढेच विचारतो आहे.

यावर जुने जाणते म्हणतात, आग वर्गात शिकता येत नाही, ती आगीतच कळते. त्यात तथ्य आहे. पण प्रत्यक्ष आग फार कमी वेळा शिकवते आणि तिची फी जीव असते. 1982 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरात सरावासाठी लावलेल्या आगीतच दोन जवान मेले. तिथे जिवंत आगीच्या सरावाचे प्रमाण-नियम 1986 मध्ये लिहिले गेले. प्रशिक्षकाची पात्रताही तिथे मानकाने ठरते. आपल्याकडे मात्र उत्तम फायरमन हा आपोआप उत्तम शिक्षक होतो, असे धरून चालण्याची सवय सुटत नाही. पुलगावचे उदाहरण प्रशिक्षणात मांडावे म्हटले, तर दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. लष्करी साठ्याचे तपशील उघड करू नयेत, हे मान्य. पण वर्दी मिळाल्यापासून स्फोटापर्यंतचा घटनाक्रम, कोण किती अंतरावर होते, माघारीचा निर्णय कोणाच्या हाती होता, एवढे सांगायला सुरुंगाचा नकाशा लागत नाही.

हा प्रश्न केवळ भांडाराच्या कुंपणाआडचा नाही. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यातच सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना आणखी सहा जण गेले. हिंगणघाट, वर्धा, आर्वीकडे जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठी आतून धुमसतात. वरून पाणी मारून आग विझली असे वाटते आणि काही तासांनी गाठ पुन्हा पेटते. तिथे गाठ फोडून आतपर्यंत भिजवायची आणि पहारा ठेवायचा, हे नव्या मुलाला समजावून सांगणारा माणूस नगरपरिषदेकडे हवा. 2023 मध्ये केंद्राने अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी 5000 कोटींची योजना आणली. बंब आणि उंच शिड्या यायलाच हव्यात. पण प्रशिक्षकाला वर्षातून काही आठवडे ड्यूटीतून मोकळे करणे, दुसऱ्याचा तास पाहू देणे, त्याचा तास कोणीतरी पाहून मोकळेपणी बोलणे, यांचा खर्च बंबाच्या तुलनेत नगण्य आहे आणि तरी तो मागितला जात नाही. दरवर्षी 14 एप्रिलला, 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ, अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. वर्धा जिल्ह्यातल्या नगरपरिषदांनी त्यातला एक दिवस तरी प्रात्यक्षिके बाजूला ठेवून आपल्या प्रशिक्षकांना एकत्र बसवावे, आणि पुलगावचा घटनाक्रम त्यांच्यापुढे मांडण्याची विनंती संरक्षण खात्याकडे लेखी करावी.