केशकर्तनालयाचा रोजचा कारभार

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत समाजाच्या इतिहासावर अधिकारी मंडळींनी लिहिलेच आहे. संत सेना महाराजांची भक्ती, प्रतापगडावरील जिवा महाला यांचा पराक्रम, शेजारच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांच्या सहवासात राहिलेले शरण हडपद अप्पण्णा, हा आपला अभिमानाचा वारसा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र साधा आहे. सकाळी दुकानाची फळी उघडल्यापासून रात्री कुलूप लावीपर्यंत कारभार कसा असावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे. मन्नाएखेळ्ळीसारख्या सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील गावात दुकान मांडणाऱ्या तरुण बांधवांना त्याचा उपयोग व्हावा, ही इच्छा.

बलुत्याकडून दुकानाकडे

आपले पूर्वज बलुतेदार होते. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, सहाण, चमोटा, वाटी आणि आरसा घेऊन ते घरोघर जात. सुगीला खळ्यावर ज्वारी मिळे. जावळ, लग्न, दहावा या प्रसंगी मान मिळे. परंतु वर्षात किती डोकी केली आणि त्याबद्दल किती धान्य आले, याचा मेळ कोणी घातला नाही. कष्टाची किंमत देणाऱ्याच्या मर्जीवर राहिली. दुकान आले तेव्हा भिंतीवर दरपत्रक लागले आणि ही मर्जी संपली. पण पुष्कळ दुकानांत दर आला तरी हिशेब आला नाही. दुकान चालते, गिऱ्हाईक येते, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही, अशी तक्रार जेथे ऐकू येते तेथे बहुधा बलुत्याची जुनी सवय शिल्लक आहे असे समजावे.

गल्ला आणि घर

पहिला नियम असा की गल्ल्याचा पैसा आणि घरचा पैसा एकत्र करू नये. उदाहरणच घेऊ. समजा दोन खुर्च्यांचे दुकान आहे. भाडे ३,००० रुपये, वीज ८०० रुपये, ब्लेड, साबण, क्रीम व धुलाई मिळून २,२०० रुपये. दोन खुर्च्यांची किंमत २४,००० रुपये आणि त्या पाच वर्षे टिकतील असे धरले, तर महिन्याला ४०० रुपयांची झीज होते. यंत्रांची १०० रुपये धरा. एकूण ६,५०० रुपये झाले. आठवड्याची सुटी वजा जाता महिन्यात २६ दिवस दुकान चालते. म्हणजे रोजचे पहिले २५० रुपये आपले नव्हेतच; ते दुकानाचे आहेत. ते बाजूला ठेवून मग कमाई मोजावी. झिजेचे पैसे वेगळ्या डब्यात किंवा खात्यात पडत गेले, तर पाच वर्षांनी नव्या खुर्चीसाठी सावकाराच्या दारी जावे लागत नाही.

कारागीर ठेवला असेल तर त्याच्याशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. आपल्याकडे निम्म्या वाट्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्याच्या खुर्चीवर दिवसाला ८०० रुपये झाले तर ४०० त्याचे. मात्र ब्लेड, साबण कोणाचा, चहा कोणाचा, सुटीच्या दिवशी घरी जाऊन केलेल्या कामाचा वाटा कसा, हे आधी ठरलेले नसले की भांडण होते. चांगला कारागीर दुकान सोडून समोरच दुकान घालतो, त्याचे कारण पुष्कळदा असा न ठरलेला वाटा हेच असते. प्रत्येक कामाची खूण त्याच्यासमोर वहीत करावी आणि रात्री त्याचा हिशेब चुकता करूनच कुलूप लावावे.

आता पुष्कळ गिऱ्हाइके मोबाइलवरून पैसे देतात. ते थेट खात्यात जातात आणि रोजमेळात यायचे राहतात. म्हणून वहीत रोख व खाते असे दोन रकाने आखावेत. घरातील गृहिणीला लिहिता-वाचता येत असेल, तर ही वही तिच्या हाती द्यावी. तिला घरखर्चाची चिंता असते, त्यामुळे तिच्या नजरेतून चूक सुटत नाही.

वेळ, वार आणि हंगाम

आपला व्यवसाय पंचांगाशी बांधलेला आहे. महाराष्ट्रात दुकाने बहुधा सोमवारी बंद असतात, तर कर्नाटकात व हैदराबादकडे मंगळवारी. सीमेवरच्या गावात सोलापूरचा पाहुणा सोमवारी आपले दुकान उघडे पाहून चकित होतो. शनिवार, एकादशी, अमावास्या या दिवशी अनेकजण केस कापीत नाहीत. श्रावणात धंदा मंदावतो. ईदच्या आदल्या रात्री उभे राहावयास जागा नसते. उलट बकरी ईदपूर्वीचे दहा दिवस कुर्बानी करणारे मुसलमान बांधव केस-नखे काढीत नाहीत. मार्गशीर्षात माणिकनगरची दत्तजयंतीची यात्रा आणि जानेवारीत हुमनाबादची वीरभद्रेश्वराची जत्रा आली की काम वाढते. तुरीचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आले की जुनी उधारीही वसूल होते. ज्याला हा क्रम पाठ आहे तो श्रावणात खुर्च्यांची दुरुस्ती व रंगरंगोटी उरकून घेतो आणि जत्रेपूर्वी माल भरतो.

दहाव्याचे बोलावणे आले तर मात्र वार पाहू नये व दरावरून घासाघीस करू नये. त्या दिवशीची वागणूक ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवते.

स्वच्छतेचा प्रश्न

जुना वस्तरा चमोट्यावर घासून सर्वांना चालविला जाई. आज तसे करणे धोक्याचे आहे. रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, हिचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्याला पुरतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत मोडून लावावे. वापरलेले ब्लेड कचऱ्यात टाकू नये, सफाई करणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात ते टाकावे. तुरटीचा एकच खडा सर्वांच्या गालावरून फिरविण्याची पद्धतही सोडावी. तुरटीची पूड स्वच्छ कापसावर घेऊन लावावी व कापूस फेकावा. कातर व वस्तऱ्याची मूठ सत्तर टक्के स्पिरिटने पुसावी, फण्या साबणाच्या गरम पाण्याने धुवाव्यात. टॉवेल गर्दीच्या दिवशी जितकी गिऱ्हाइके येतात तितके तरी असावेत. ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. नायटा व उवा एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर फणी-टॉवेलातूनही जाऊ शकतात. कारागिरांनी व स्वतः मालकाने हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्यावी, कारण ब्लेड सर्वांत आधी आपलेच बोट कापते.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. मालिश करताना मान कडकन मोडण्याची सवय गिऱ्हाइकाला आवडत असली तरी तिने मानेतील रक्तवाहिनी वा मज्जातंतू दुखावून अर्धांगापर्यंत मजल जाऊ शकते. ती बंद करावी. दुसरे, काळा कलप लावण्यापूर्वी नव्या गिऱ्हाइकाच्या कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी. कलपातील रसायनाने कित्येकांचा चेहरा सुजतो.

खुर्ची सर्वांसाठी

आता जरा नाजूक विषय. आपल्या व्यवसायात काही गावी दलित बांधवांना खुर्ची नाकारली गेली, ही गोष्ट झाकून चालणार नाही. गावातील वरिष्ठांच्या धाकाने तसे घडत आले हे खरे, पण नकाराचा शब्द आपल्या तोंडून निघाला. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दुकान या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न निघाला असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला, की मागेल त्याला सेवा देण्यास जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. त्यात नाभिकाचे दुकानही आले. पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला.

कायदा आहेच, पण आपल्या समाजाने याहून आधी, आपल्या बुद्धीने, अन्यायाला नकार दिलेला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जमलेल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरविले. त्या कामाची मजुरी बुडणार हे त्यांना ठाऊक होते. ज्यांनी अन्यायाचे काम नाकारले, त्यांच्या वारसांनी माणूस नाकारू नये.

व्यवहारात याचा नियम एकच: आधी येईल त्याचा नंबर आधी. पाटील असो, ट्रक ड्रायव्हर असो, वाड्यावरचा असो की वस्तीवरचा. एकच बाक, एकच खुर्ची, एकच दर. हा नियम पाटी करून लावावा आणि ती पाटी कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही लिप्यांत असावी. एकदा नियम भिंतीवर गेला की मोठ्या माणसाला तोंडाने नाही म्हणण्याची पाळी येत नाही.

वाईट दिवसांची तयारी

१९४८ वा १९७२ च्या आठवणी वडीलधाऱ्यांनी सांगाव्यात. आपण डोळ्यांनी पाहिला तो २०२० चा काळ. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. कर्नाटकात आपली दुकाने मे महिन्याच्या उत्तरार्धात उघडली, महाराष्ट्रात तर २८ जूनला. कर्नाटक सरकारने मे महिन्यात क्षौरिक बांधवांना एकदाच ५,००० रुपयांची मदत जाहीर केली. अशा वेळी दुकानाचा पंचायतीचा परवाना, बँकेचे खाते आणि व्यवसायाची नोंद ज्याच्याजवळ तयार असते त्याला धावाधाव करावी लागत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत आपला व्यवसाय आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद ठेवण्यात आली. पण कर्ज फेडावयाचे ते गल्ल्यातूनच. वर सांगितलेली वही नसेल तर तेच कर्ज गळ्याशी येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे होऊन आपले सोयरे तीन राज्यांत विभागले. कोणी स्वतःला नाभिक म्हणवितात, कोणी सविता समाजाचे, कोणी हडपद. भाषा वेगळी असली तरी कातर एकच आहे. तेव्हा दरवर्षी श्रावण वद्य द्वादशीस सेना महाराजांच्या पुण्यतिथीला आपण जमतो, त्या दिवशी भजनानंतर एक तास दुकानाच्या कारभारासाठी राखून ठेवावा अशी नम्र सूचना आहे. अनुभवी दुकानदारांनी आपली वही उघडून नवख्यांना दाखवावी, स्पिरिट कोठे स्वस्त मिळते ते सांगावे, दरपत्रक सर्वांनी मिळून ठरवावे. ट्रस्टने विद्यार्थ्यांना जशी मदत केली तशीच नव्या दुकानदाराला पहिली रोजमेळाची वही व बारा टॉवेल भेट दिले, तर खर्च थोडा येईल आणि एक संसार उभा राहील. समाजबांधवांनी याचा विचार करावा, ही विनंती करून हा लेख पुरा करतो.