जुनी पण चपळ गाडी घरी आणताना : आधी काय बदलावे, कशाला हात लावू नये

आपल्या अनेक घरांमध्ये पहिली गाडी सेकंड हँडच येते. त्याला कारणे दोन. एक तर बजेट. दुसरे म्हणजे व्याजाचे कर्ज टाळण्याची इच्छा. साठवलेल्या हलाल कमाईतून जी रोख रक्कम उभी राहते, त्यात नवी गाडी बसत नाही, चांगली जुनी गाडी मात्र बसते. आणि घरात विशी-पंचविशीतला मुलगा असेल तर त्याचे बोट हमखास एका विशिष्ट प्रकारच्या गाडीवर जाते. बाहेरून साधी, छोटी हॅचबॅक. पण बोनेटखाली टर्बो इंजिन. जगभर हिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. १९७६ साली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय बाजारात आली आणि तेव्हापासून हा प्रकार लोकप्रिय झाला.

आपल्याकडे या वर्गातल्या परवडणाऱ्या गाड्यांमध्ये पोलो जीटी टीएसआयचे नाव प्रथम निघते. ही गाडी पुण्याजवळच्या चाकणला तयार होत असे. २०१३ मध्ये ती १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकसह आली. २०२० पासून १.० लिटरचे ११० पीएस इंजिन मिळू लागले आणि २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबले. त्यामुळे आता जी मिळेल ती वापरलेलीच. बलेनो आरएस, अबार्थ पुंतो, टियागो जेटीपी या गाड्यांचेही तेच. या लेखात उदाहरण पोलोचे घेतले असले तरी सांगितलेल्या गोष्टी या सगळ्यांना लागू पडतात.

गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, ‘हिच्यात काय काय करून घ्यायचे?’ मित्र सांगतात सायलेन्सर, मॅगव्हील, काळी काच, रिमॅप. आमचे म्हणणे असे की करून घेण्यासारखे बरेच आहे, फक्त क्रम वेगळा आहे.

पहिला खर्च : गाडी मुळात जशी होती तशी करणे

सात-आठ वर्षे चाललेली टर्बो गाडी क्वचितच तिच्या मूळ ताकदीने धावत असते. एअर फिल्टर तुंबलेला, स्पार्क प्लग झिजलेले, ऑइल कधी बदलले याचा पत्ता नाही. अशा गाडीला ‘ताकद वाढवण्याचे’ सामान लावणे म्हणजे अशक्त माणसाला पळायला लावणे. म्हणून पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे आणि कंपनीने मान्य केलेल्या दर्जाचेच हवे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याचा आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. स्वस्त ऑइलमध्ये वाचलेले पैसे टर्बो बदलताना कित्येक पटीने जातात.

याच वेळी एक छोटे साधन विकत घ्या : ओबीडी स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ते बसते आणि मोबाईलवर इंजिनचे तापमान, बॅटरीचे व्होल्टेज आणि साठलेले दोष दाखवते. नवशिक्याला यापेक्षा उपयुक्त ‘अपग्रेड’ नाही. शक्य असेल तर ते गाडी विकत घेण्याआधीच लावून पाहा.

डीएसजी गिअरबॉक्स असेल तर तो थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत तपासा. चढावर किंवा रिव्हर्स घेताना गाडी थरथरते का, हे पाहा. या गाड्यांचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकत राहिल्याने हा क्लच तापतो आणि झिजतो. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मगच गाडी हलवावी, आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा. या सवयीला एक रुपया लागत नाही.

दुसरा खर्च : टायर

गाडी आणि रस्ता यांचा संबंध फक्त चार ठिकाणी येतो, आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. इंजिनची ताकद असो की ब्रेकची, ती रस्त्यापर्यंत पोहोचते याच चार तळहातांमधून. म्हणून खरा फरक जाणवणारा बदल म्हणजे चांगले टायर.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘३२२१’ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ च्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसत असली तरी जुना रबर कडक होतो आणि पावसात घसरतो. पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलून टाकलेले बरे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर कायद्यानेही बाद होतो. कोकणच्या पावसासाठी तर ३ मिलिमीटरलाच बदलावा. स्टेपनीची तारीखही पाहा, ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.

थोडा रुंद टायर घालायचा असेल तर चाकाचा एकूण व्यास फार बदलता कामा नये. १८५/६० आर१५ टायरचा व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर होतो, १९५/६० आर१५ चा ६१५. फरक दोन टक्क्यांचा, म्हणून पोलोवाले बरेचदा हा मार्ग घेतात. तरीही आपल्या गाडीच्या रिमला तो चालतो का आणि पूर्ण वळवल्यावर चाक कुठे घासते का, हे तपासून मगच निर्णय घ्या. मोठे मॅगव्हील आणि पातळ टायर फोटोत छान दिसतात. आपल्या खड्ड्यांत मात्र रिम वाकतात आणि टायरला बाजूने फुगवटे येतात.

हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते, तापते आणि फुटते. समृद्धी महामार्गासारख्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास वेगाने जाताना हा धोका सर्वात मोठा असतो.

तिसरा खर्च : ब्रेक आणि सस्पेन्शन

वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ५० च्या वेगातली गाडी आणि १०० च्या वेगातली गाडी यांत हा चौपटीचा फरक आहे. म्हणून ताकद वाढवण्याआधी थांबण्याची व्यवस्था करावी. पुढचे पॅड चांगल्या दर्जाचे, डिस्कवर चर पडले असतील तर डिस्कही, मागच्या ड्रमची साफसफाई आणि डॉट ४ चे ताजे ब्रेक ऑइल. एवढे केले तरी पेडलचा दाब लगेच वेगळा लागतो. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते. कुंभार्ली किंवा आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक ‘सोडतात’ त्याचे हे एक कारण. दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि घाटात गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवावी.

सस्पेन्शनमध्ये लिंक रॉड, बुश आणि शॉकअप तपासून घ्या. खडखड येत असेल तर आधी हे भाग बदला आणि व्हील अलाइनमेंट करा. अनेकांना वाटते गाडीला ‘स्पोर्ट्स स्प्रिंग’ हव्यात. प्रत्यक्षात बुश बदलल्यावरच गाडी वळणावर नव्यासारखी चिकटून चालते. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे मात्र कधीही करू नका. चाकाची उसळी अडते आणि गाडी हाताबाहेर जाते.

चौथा खर्च : घरच्यांच्या सोयीचे

गाडी मुलाच्या नावावर असली तरी तिच्यात बसणार अम्मी, अब्बा, बहीण आणि लहान भाचरे. मागच्या सीटचे पट्टे नीट ओढले जातात का, ते पाहा. लहान मुलांसाठी चाइल्ड सीट घ्या. मांडीवर घेतलेले मूल जोरदार ब्रेकमध्ये कुणाच्याही हातात राहत नाही. रिव्हर्स कॅमेरा, पुढचा डॅशकॅम, पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करणे, नवे वायपर ब्लेड, हे सगळे स्वस्त आणि नवशिक्याला जमणारे आहे. म्युझिक सिस्टिम बदलायची तर कपलरला कपलर जोडणारी घ्या. वायर कापून टेप गुंडाळणारा कारागीर कितीही स्वस्त असला तरी नको, कारण गाडीला आग लागण्याची सुरुवात अनेकदा अशाच जोडातून होते.

एअरबॅगबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पोलोची चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅगच्या पोलोला चार. म्हणून जुनी गाडी घेताना एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि काही सेकंदांत विझतो का, हे पाहायला विसरू नका. तो लागतच नसेल तर कुणीतरी काहीतरी लपवले आहे. पुढे लोखंडी बुलगार्डही लावू नका; त्याने एअरबॅगचे गणित बिघडते आणि पायी चालणाऱ्याला जबर इजा होते.

कशाला हात लावू नये

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. काचेबाबत नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा.

रिमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकाची आज्ञावली बदलून ताकद वाढवणे. दहा-वीस मिनिटांचे काम, म्हणून मोह होतो. पण जुना क्लच, जुना टर्बो आणि जुने ब्रेक यांच्यावरचा भार त्याच दिवशी वाढतो. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण ठरतो. आधीच्या मालकाने रिमॅप केले असेल तर ते मूळ स्थितीत आणून घ्यावे. टर्बो गाडीत बाहेरून सीएनजी किट बसवण्याचा विचारही सोडून द्यावा.

आता सायलेन्सर. यात कायद्याच्या पलीकडची बाब आहे. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपला दीन किती आग्रही आहे, हे वेगळे सांगायला नको. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे आपण ईमानचे काम मानतो. मग रात्री एक वाजता, आजारी माणूस आणि तान्हे बाळ झोपलेल्या मोहल्ल्यातून फटफट आवाज करत जाणे कशात मोडते? शब-ए-बारातच्या रात्री स्टंट करू नका, असे आवाहन मशिदींतून आणि पोलिसांकडून पुन्हा पुन्हा करावे लागते. ज्या रात्री हात दुआसाठी उठायचे, त्या रात्री काही घरांतून जनाजे उठतात. हे दुःख आपल्या वस्तीला नवे नाही.

अब्बा आणि मुलगा यांच्यातला करार

मुलाला गाडीचा शौक आहे म्हणून त्याला रोज टोकण्यात अर्थ नाही. शौक वाईट नाही. त्याला दिशा हवी. आम्ही सुचवतो की दोघांनी एकत्र बसून खर्चाची वही करावी. हाती शंभर रुपये असतील तर पस्तीस टायरला, पंचवीस ब्रेक-सस्पेन्शनला, पंचवीस सर्व्हिसिंगला आणि उरलेले पंधरा मुलाच्या आवडीच्या वस्तूंना : चांगला स्पीकर, फ्लोअर मॅट, स्टिअरिंग कव्हर. ऑइलची पातळी बघणे, एअर फिल्टर बदलणे, स्टेपनी लावणे ही कामे मुलाने आणि मुलीनेही स्वतःच्या हाताने शिकावीत. हात काळे झाले की गाडीची किंमत कळते. दिखाव्यासाठी उडवलेला पैसा इस्राफ ठरतो, सुरक्षेसाठी घातलेला पैसा नाही.

कागदांचेही तसेच. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर करून घ्या, कर्ज असलेली गाडी असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवा आणि विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांच्या आत करा. ‘ओळखीचा माणूस आहे, नंतर बघू’ म्हणत नावावर न केलेली गाडी अपघातानंतर दोन्ही घरांना कोर्टात उभी करते. आणि उद्या हीच गाडी आपण विकू तेव्हा तिचे दोष, झालेले बदल आणि झालेला अपघात खरेदीदाराला आधी सांगा. ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. सफरची दुआ पढण्याआधी टायरची हवा, ब्रेक आणि सीटबेल्ट तपासणे हे तेच उंट बांधणे आहे. तेवढे करून निघालात तर ही चपळ छोटी गाडी इन्शाअल्लाह कित्येक वर्षे घरच्यांना सुखरूप नेईल आणि परत आणेल.